शुगरच्या पेशंटला पॅकेज नको, पुढच्या महिन्याच्या गोळ्या हव्यात

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर शेजाऱ्यासाठी वाचा.

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो आणि १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन. मधल्या दीड महिन्यात वसमत रोडपासून जिंतूर रोडपर्यंत फ्लेक्सची जत्रा भरते. ‘मधुमेहींनो, तुमचं हृदय सुरक्षित आहे का?’ खाली ईसीजी, टू-डी इको, टीएमटी, सीटी स्कॅन, कॅल्शियम स्कोअर अशी यादी आणि सवलतीचा दर. वर कुणातरी भाऊंचा हात जोडलेला फोटो. शिबिर होतं, फोटो निघतात, फाईली वाटल्या जातात. आणि १५ नोव्हेंबरला शुगरचा पेशंट पुन्हा त्याच मेडिकलच्या काऊंटरवर उभा असतो, चार दिवसांच्या गोळ्या सुट्या मागत.

मी डॉक्टर नाही. घरात शुगरचे दोन पेशंट आहेत, त्यामुळे फाईल काखेत घेऊन रांगेत उभं राहणं हा माझा नेहमीचा उद्योग आहे. खाली जे लिहितोय ते छापून आलेल्या, कुणालाही तपासता येणाऱ्या अभ्यासांवरून लिहितोय. कुणी माझी पोस्ट वाचून गोळी सुरू किंवा बंद करू नये. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

आधी मान्य करू की फ्लेक्सवरचा प्रश्न खोटा नाही. शुगरच्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. वर शुगरनं नसा बधिर होतात, त्यामुळे अटॅक येतो तेव्हा सिनेमातल्यासारखी छाती धरून माणूस कोसळेलच असं नाही. नुसता घाम सुटतो, दम लागतो, जबडा नाहीतर डावा हात दुखतो, मळमळतं. घरचे म्हणतात गॅस झाला, सोडा प्या. २०२३ साली आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीनं देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाख असा सांगितला. आणि इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात जवळपास ५९ व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडं पोरीचं लग्न व्हायचं असतं, कर्ज फिटायचं असतं, तेव्हाच हे येतं.

‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय’ हेही डोक्यातून काढा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी. आपल्या रानातला, हाडं दिसणारा माणूससुद्धा याच साच्यातला असू शकतो.

तर धोका खरा आहे. आता पॅकेजमध्ये नेमकं काय विकतात ते बघू.

ईसीजी ही त्या मिनिटाची नोंद. पूर्वी येऊन गेलेला अटॅक, ठोक्यातला बिघाड त्यात दिसू शकतो. पण निवांत पडून काढलेली पट्टी नॉर्मल असूनही रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो.

टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंप किती जोरात चालतो, झडपा ठीक आहेत का, हे तिच्यात कळतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांमधला अडथळा तिच्यात थेट दिसत नाही. ‘इको नॉर्मल आहे, आता काळजी नाही’ हे वाक्य परभणीत रोज बोललं जातं आणि शुगरच्या माणसाच्या बाबतीत ते धोक्याचं आहे.

टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. गुडघे गेलेल्या, तळपाय बधिर झालेल्या माणसाला पुरेसं चालताच येत नाही, मग रिपोर्ट अर्धवट.

कॅल्शियम स्कोअर ही सीटी स्कॅनमधली तपासणी. डाय टोचत नाहीत. नळ्यांच्या भिंतीत साचलेला चुना मोजतात. शून्य म्हणजे चांगलं, १०० च्या पुढं धोका ठळक, ४०० च्या पुढं फारच. ही मोजणी १९९० पासून आहे आणि पुढचा धोका सांगण्यात ती खरंच चांगली आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण ताज्या, मऊ चरबीचा थर तिला दिसत नाही, म्हणून कमी वयात शून्य आलं तरी निर्धास्त होता येत नाही. शिवाय ‘तुमच्या वयाच्या मानानं किती’ हे ठरवायला सर्रास वापरतात ते तक्ते अमेरिकेतल्या मेसा अभ्यासाचे. त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते. आपले नव्हते. नंतर मसाला नावाचा अभ्यास झाला, पण तोही अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांवर. सेलू-मानवतच्या माणसाची फूटपट्टी अजून बनायचीच आहे.

सीटी अँजिओ सगळ्यात स्पष्ट. पण तिच्यात शिरेतून डाय द्यावा लागतो, आणि शुगरनं किडनी आधीच अर्धी झालेल्या माणसाला तो जपूनच द्यावा लागतो. शिबिराच्या गर्दीत क्रिएटिनिन कोण विचारतो?

आता खरा प्रश्न. ज्याला छातीत दुखत नाही, दम लागत नाही, अशा शुगरच्या माणसाचं हृदय मशीनखाली घातलं तर त्याचा जीव वाचतो का?

हे तपासून झालेलं आहे. अमेरिका आणि कॅनडात डीआयएडी नावाचा अभ्यास झाला, निकाल २००९ साली आला. हृदयाची कसलीही तक्रार नसलेले १,१२३ मधुमेही घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ५६१ जणांचं हृदयाच्या रक्तपुरवठ्याचं स्कॅन केलं, ५६२ जणांचं केलं नाही. स्कॅन झालेल्यांत दर पाचातल्या एकाला काही ना काही दोष दिसला. जवळपास पाच वर्षांनी हिशेब मांडला तर स्कॅनवाल्या गटात १५ जणांना अटॅक आला होता किंवा हृदयविकारानं मृत्यू झाला होता. बिनस्कॅनच्या गटात १७. म्हणजे फरक नाहीच म्हणा. पुढं २०१४ साली अमेरिकेतल्याच युटाह राज्यातल्या अभ्यासाचा निकाल आला. ९०० मधुमेही, या वेळी थेट सीटी अँजिओ. चार वर्षांनी मृत्यू, अटॅक किंवा छातीतल्या दुखण्यानं भरती असं सगळं मिळून एका गटात ४५२ पैकी २८, दुसऱ्यात ४४८ पैकी ३४. योगायोगानंही पडेल इतकाच फरक.

मग जीव कशानं वाचतो? तेही तपासून झालंय. २००४ सालचा ब्रिटन-आयर्लंडमधला कार्ड्स अभ्यास बघा. २,८३८ मधुमेही, रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची एक गोळी. हृदयविकार आणि लकव्याच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. फायदा इतका उघड होता की अभ्यास दोन वर्षं आधीच थांबवला. डेन्मार्कमध्ये स्टेनो-२ अभ्यासात फक्त १६० पेशंट होते. अर्ध्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट, चालणं-फिरणं, सगळंच नेटानं सांभाळलं. आठेक वर्षांत हृदयाचे झटके आणि तत्सम प्रकार निम्म्यावर आले. २१ वर्षांनी बघितलं तर हा गट साधारण आठ वर्षं जास्त जगला होता. आठ वर्षं! यात कुठलंही नवं मशीन नव्हतं. जुन्याच गोळ्या होत्या, आणि पेशंटला पुन्हा पुन्हा बोलावून विचारणारी माणसं होती.

म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते की तक्रार नसलेल्या मधुमेहींची सरसकट हृदयरोग तपासणी करू नका. चाळिशी ते पंच्याहत्तरीतल्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिनची गोळी तशीही द्यायचीच असते. स्कोअर ५० आला काय न् २५० आला काय, पहिली पायरी तीच. जी तपासणी पुढचं पाऊल बदलत नाही, तिच्यासाठी उसनवारी काहून करायची?

इथं पॅकेजविरोधी लोक टाळ्या वाजवतील आणि पोस्ट संपली म्हणतील. थांबा. माझं खरं भांडण इथून पुढं आहे.

त्या अमेरिकन शिफारशीला एक शेपूट आहे. सरसकट तपासणीनं फायदा होत नाही, *जोपर्यंत धोक्याच्या कारणांवर उपचार चालू आहेत तोपर्यंत*. डीआयएडीमधल्या ज्या ५६२ जणांचं स्कॅन केलं नाही, त्यांना कुणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांना डॉक्टर होता, बीपीची गोळी होती, स्टॅटिन होतं. म्हणून ते बिनस्कॅनचे तगले. परभणी जिल्ह्यात ही अट कुणी पूर्ण केली? नऊ तालुक्यांतल्या शुगरच्या पेशंटांपैकी किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, किती जणांना स्टॅटिन चालू आहे, किती जणांची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा होते? हे तीन आकडे कुठल्याही आढावा बैठकीत कुणी मागितलेले ऐकलेत का?

आकडे मागितले जातात ते ‘किती जणांची तपासणी केली’ याचे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी बघायची, आशाताईंनी घरोघर फॉर्म भरायचे. फॉर्म भरले जातात, बिचाऱ्या भरतात. पण सापडलेल्या माणसाला गोळी सलग मिळते का, याचं उत्तर देणारा कुणी नाही. पालमच्या पुढच्या एखाद्या तांड्यावरचा माणूस आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्यांसाठी दिवसाची मजुरी बुडवून येतो, आणि तीनातली एक गोळी ‘बाहेरून घ्या’ असते. दोन खेपा करतो, तिसरी करत नाही. गंगाखेड, पालम, जिंतूर भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. शुगरचं कार्ड गावात, पेशंट फडावर. सहा महिने गोळी कुठली? ना स्कॅन, ना गोळी. अशा माणसाला ‘शास्त्र सांगतं, तुला स्कॅनची गरज नाही’ असं म्हणणं ही चेष्टा आहे. स्कॅन नको म्हणायचा अधिकार ज्यानं गोळी पोचवली त्यालाच.

आणि याच रिकाम्या जागेत पॅकेजवाला येऊन बसतो. सरकारी व्यवस्था जे देत नाही त्याचा चकचकीत फोटो तो विकतो. त्यातून दोनच गोष्टी होतात. रिपोर्ट नॉर्मल आला तर माणूस खुश होऊन उरलीसुरली गोळीही सोडतो. आणि काही दिसलं तर घरात रडारड, नांदेड-संभाजीनगर-हैदराबादच्या चकरा, ‘ब्लॉकेज आहे, आजच निर्णय घ्या’. अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. पण स्थिर पेशंटमध्ये, गोळ्या नीट चालू असताना, वर स्टेंट टाकल्यानं मृत्यू कमी होत नाहीत, हे २००७ च्या करेज आणि २०२० च्या इस्केमिया अभ्यासानं दाखवलंय. मधुमेहींपुरतं म्हणाल तर २००९ च्या बारी-२डी अभ्यासाचा निष्कर्षही त्याच वळणाचा. अपवाद आहेत, मुख्य नळीचा मोठा अडथळा, दुबळा झालेला पंप, गोळ्यांनी न थांबणारं दुखणं. ते ठरवायला वेळ लागतो, दुसरं मत लागतं. ‘आजच’ ही घाई कुणाच्या सोयीची ते ओळखा.

सरकारची गंमत वेगळीच. २०१७ साली स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, चांगलं झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचं पॅकेज आहे, त्यानं गरिबांचे जीव वाचलेत, तेही मान्य. पण ही योजना माणूस भरती झाल्यावर पैसे देते. तो भरती होऊ नये म्हणून वीस वर्षं रोज लागणारी गोळी तिच्यात नाही. जनऔषधी केंद्रात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची एक गोळी हॉटेलातल्या कटिंगपेक्षा स्वस्त पडते. एवढीशी गोळी वेळेवर पोचवायची नाही आणि नळी बुजल्यावर लाखाचं पॅकेज मंजूर करून फोटो काढायचा.

काही मित्र म्हणतात, ‘चित्र बघितलं की माणूस घाबरतो आणि पथ्य पाळतो, मग काय वाईट?’ मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. गोळी घ्यायला का कू करणाऱ्या, किंवा चाळिशीच्या आतल्या आणि घरात लवकर अटॅक आलेले असणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टरांनी विचार करून कॅल्शियम स्कोअर सांगितला तर त्याला अर्थ आहे. पण घाबरलेला माणूस गोळी मागायला गेला आणि खिडकीवर ‘स्टॉक नाही’ ऐकून परत आला, तर त्या भीतीचं करायचं काय? भीतीवर रक्त पातळ होत नाही.

दुसरे म्हणतात, ‘म्हणजे परभणीला मशीन नकोत का तुला?’ हवीत! तक्रार असलेल्या माणसासाठी हवीत आणि वेळेत हवीत. चालताना छातीवर दाब येणं, पूर्वी चढत होता त्या जिन्यावर आता दम लागणं, कारण नसताना घाम, नव्यानं आलेला थकवा, पायावर सूज. शुगरच्या माणसात यातलं काहीही असेल तर तो ‘तक्रार नसलेला’ राहत नाही. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ जणांवर अभ्यास झाला, २०१८ साली पाच वर्षांचा निकाल आला. ज्यांच्या नेहमीच्या तपासणीत सीटी अँजिओची भर घातली त्यांच्यात अटॅक किंवा हृदयविकारानं मृत्यू २.३ टक्के, बाकीच्यांत ३.९ टक्के. आणि फरक पडण्याचं मोठं कारण काय मानतात? फोटो बघून योग्य माणसाला योग्य गोळ्या चालू झाल्या. तिथंही शेवटी गोळीच.

परभणीकरांनी रस्त्यावर उतरून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मागितलं. २०२३ पासून तिथं शंभर पोरं-पोरी एमबीबीएसला बसायला लागली. आता फीत कापायला मशीन आणा म्हणणं सोपं आहे. मशीन येतंही. ते चालवणारा तंत्रज्ञ, रिपोर्ट वाचणारा डॉक्टर आणि रिपोर्टनंतरची गोळी, या तीन गोष्टींची फीत कापता येत नाही, म्हणून त्या मागे राहतात.

तर माझ्या मागण्या लिहून ठेवतो. पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे सीईओ, सगळ्यांना टॅग करतोय.

१. शुगरच्या प्रत्येक पेशंटचं साधं कार्ड. बीपी, एलडीएल कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची सरासरी शुगर, लघवीतला अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, तंबाखू-बिडी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दक्षिण आशियासाठी वेगळा धोक्याचा तक्ता काढलाय. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर, तंबाखू यावरून दहा वर्षांचा धोका सांगणारा. तो प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिराच्या भिंतीवर लावा आणि वापरा.

२. स्थिर पेशंटला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम. ऊसतोडीला जाणाऱ्याला निघण्याआधी पूर्ण हंगामाच्या. त्यात स्टॅटिन धरा.

३. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ईसीजी चोवीस तास, आणि काढलेली पट्टी लगेच वाचणारा डॉक्टर फोनवर.

४. तक्रार असलेल्या पेशंटसाठी जिल्ह्यातच इको, टीएमटी, सीटी अँजिओ मोफत, आणि किती दिवसांचं वेटिंग आहे याची पाटी दारावर.

५. शिबिर घेणाऱ्यानं आधी लिहून द्यावं की सापडलेल्या पेशंटचा पुढचा सहा महिन्यांचा पाठपुरावा कोण करणार. ते सांगता येत नसेल तर परवानगी नको, मग फ्लेक्सवर फोटो कुणाचाही असो.

६. दर तीन महिन्यांनी जाहीर करा, ‘तपासले किती’ सोबत ‘आटोक्यात किती’.

यातलं काहीही कोट्यवधींचं नाही. म्हणूनच कदाचित कुणी मागत नाही.

तुमच्याकडून एकच काम. घरातल्या शुगरच्या पेशंटची फाईल काढा आणि खाली कमेंटमध्ये लिहा, तालुका कोणता, शेवटच्या वेळी सरकारी दवाखान्यातून किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, आणि गेल्या वर्षभरात कोलेस्टेरॉल व लघवीची तपासणी झाली का. नाव लिहू नका, दवाखान्याचंही नको. शंभर कमेंट जमल्या की यादी करून जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदनासोबत देतो, सोबत यायचं असेल त्यांनी तसं कळवा.